कोयता एक, माणसं चार

दिवाळी झाली की बीडमधल्या केज-धारूरकडच्या रस्त्यांवर ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रॅक्टर दिसायला लागतेत. मागं दोन ट्रॉल्या, त्यात पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, बारका गॅस, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. यंदा आम्ही जर्मनीहून सुट्टीला आलो तेव्हा सासरच्या गावाला जाताना असे चार-पाच ट्रॅक्टर लागले. माझा साडेसात वर्षांचा मुलगा काचेला नाक लावून बघत होता, मग बहिणीला जर्मनमध्ये म्हणाला, बघ, हे पण घर बदलायलेत.

घरी पोचल्यावर हे मी मोठ्या आईला सांगितलं. मोठी आई म्हणजे नवऱ्याची थोरली चुलती, वीस-बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई. ती हसली. मग म्हणाली, तुमचं कसं असतंय गं तिकडं, पैसे दोघांच्या नावानं का एकट्याच्या? म्हणलं एकट्याच्या, नोकरी यांची आहे, मी आणि लेकरं यांच्या मागं डिपेंडंट म्हणून गेलो. डिपेंडंट म्हणजे काय ते जमेल तसं सांगितलं. तिनं सुपारी कातरता कातरता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी माणसं चार, कोयता एक."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत मुकादम, म्हणजे मजूर जमवून नेणारा ठेकेदार, माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा. उचल म्हणजे आगाऊ पैसे, ती जोडीला मिळते, हिशोब जोडीचा होतो आणि पैसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडतो. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, पण तिचा वेगळा आकडा कुठंच लिहिलेला नसतो. लेकरं तर कशातच नसतात.

आता कुणी म्हणेल की कुठं पाल टाकून राहणारी माणसं आणि कुठं तुम्ही हीटर लावलेल्या फ्लॅटमधले. बरोबर आहे, ही तुलना मी स्वतःहून केली नसती, करायची लाजच वाटली असती. पण ती मोठ्या आईनं केली आणि ती माझ्या डोक्यातून जाईना, कारण गेली तीन वर्षं मला जे सांगता येत नव्हतं ते तिनं पाच शब्दांत सांगून टाकलं होतं. परदेशातली नोकरी लागते एकाला, आणि ती करतं अख्खं घर. म्हणून लेकरं लहान असताना जायचं का नाही हे पगारावरून ठरवूच नये असं माझं मत झालंय. त्या घरातलं दुसरं मोठं माणूस पहिली दोन वर्षं काय करणार, याचं उत्तर आधी कागदावर मांडावं आणि मग पासपोर्ट काढावा. दुसरं मोठं माणूस म्हणजे दहात नऊ वेळा बायकोच, उगाच आडून कशाला बोला.

आमचं काय झालं ते सांगते. २०२२ च्या उन्हाळ्यात यांना ऑफर आली. हे वाळूजला एका कंपनीत डिझाईनला होते आणि काम श्टुटगार्टच्या जवळ होतं. मी डेंटिस्ट. संभाजीनगरात गारखेड्याला माझं छोटं क्लिनिक होतं, एक चेअर, एक एक्स-रे, एक मदतनीस मुलगी. चेअरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्याच वर्षी जानेवारीत फिटला होता. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड. ऑफर आल्याचं कळल्यावर जेवढे फोन आले त्या प्रत्येकात पहिला प्रश्न पॅकेज किती, दुसरा प्रश्न लेकरांची शाळा इंग्लिश का जर्मन, तिसरा तिकडं थंडी किती. क्लिनिकचं काय करणार हे फक्त माझ्या मदतनीस मुलीनं विचारलं, कारण तिची नोकरी जाणार होती. चेअर मी एका ज्युनिअरला निम्म्या किमतीत दिली, आणि खरं सांगते, तेव्हा मलाही वाईट वाटलं नाही, मीही त्या हवेत होते, वाटलं तिकडं जाऊन परीक्षा देऊ, दात काय सगळीकडं बत्तीसच असतात.

मग कागदं. पोरांचे जन्मदाखले, आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, आधी मुंबईला राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असा परदेशासाठीचा शिक्का. माझी डिग्री माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं, आणि लग्नाच्या सर्टिफिकेटवर स्पेलिंग तिसरंच. सगळे कागद समोर ठेवले तर यांना तीन बायका आहेत असं वाटावं. एका एजंटानं तर सरळ सुचवलं की मॅडम डिग्रीचं राहू द्या, तुम्हाला कुठं लागणारे ती, व्हिसा तर फॅमिलीचा आहे. त्याचं चुकलं नव्हतं. त्या फाइलीत माझ्या डिग्रीला रकानाच नव्हता.

जर्मनी यात बरीच बरी आहे हेही सांगितलं पाहिजे. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराला तिकडं मिळणारा परवाना, तो असणाऱ्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची परवानगी असते, यायच्या आधी भाषेची परीक्षाही मागत नाहीत. अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागच्या डिपेंडंट व्हिसावर, गेलेल्या बाईला २०१५ पर्यंत कामच करता येत नव्हतं, त्यानंतर जी सोय झाली ती पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाइल एका टप्प्याच्या पुढं सरकल्यावरच. ब्रिटननं मार्च २०२४ पासून नव्यानं येणाऱ्या केअर वर्करना, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणाऱ्यांना, घरची माणसं सोबत आणायचीच बंदी केली, म्हणजे तुमची आई आम्ही सांभाळू पण आमची लेकरं दुसऱ्यानं सांभाळायची. दुबईकडं किमान चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहायची सोय, असं असेल तरच कुटुंब नेता येतं. प्रत्येक देशाचा आपापला मुकादम आहे आणि कोयता कसा धरायचा हे तो ठरवतो.

पण परवानगी असणं वेगळं आणि कामाला जाता येणं वेगळं. भारतातल्या डेंटिस्टला तिकडं सरळ दवाखाना उघडता येत नाही. आधी रोजच्या जर्मनची बी२ पातळीची परीक्षा, मग डॉक्टरी जर्मनची वेगळी परीक्षा, मग डिग्रीची तपासणी आणि बहुतेकांना विषयाच्या ज्ञानाचीही परीक्षा. यात अन्याय काही नाही, आपल्याकडंही बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरची परीक्षा घेतातच. अडचण एवढीच की हे सगळं करायला रोज चार तास क्लास लागतो, आणि चार तास क्लासला जायचं तर दीड वर्षाची मुलगी कुठं ठेवायची?

तिकडं पाळणाघराला किटा म्हणतात आणि २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला त्यात जागा मिळायचा कायद्यानं हक्क आहे. हक्क आहे, जागा नाही. आमचा नंबर अकरा महिन्यांनी लागला. लागला तेव्हा वाटलं सुटलो, तर कळलं की लगेच मूल सोडून निघता येत नाही, आधी मुलाला तिथली सवय करायची. पहिले तीन दिवस आईनं तासभर कोपऱ्यात बसायचं, चौथ्या दिवशी दहा मिनिटं बाहेर जाऊन बघायचं, रडली तर परत पहिल्यापासून. असं काही आठवडे चालतं. मुलासाठी पद्धत फार सुंदर आहे, आपल्याकडं पहिल्या दिवशी रडतं पोरगं बाईंच्या हातात देऊन पळून येतो त्यापेक्षा हजार पटीनं चांगली, पण ती घरात एक माणूस रिकामं आहे असं गृहीत धरून बनवलेली आहे. मी होतेच रिकामी.

सवय झाली आणि आजारपणं सुरू झाली. पहिल्या हिवाळ्यात किटातलं मूल महिन्यातून दहा दिवस घरी असतं हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. आता गंमत बघा. तिकडं नोकरी करणाऱ्या आईबापाला आजारी मुलासाठी पगाराचा मोठा भाग मिळून सुट्टी घेता येते, पण अट अशी की घरात मुलाला सांभाळू शकेल असं दुसरं कुणी नको. मी घरी होते, म्हणून यांना ती सुट्टी नाही. आणि मुलगी आजारी म्हणून मी क्लासला नाही. आणि क्लास नाही म्हणून मी घरी. हे चक्र मी दीड वर्ष फिरवलं.

टॅक्सचं तर अजून पुढं. तिकडं नवरा-बायकोची कमाई एकत्र धरून तिचे दोन भाग करून टॅक्स लावता येतो, त्यामुळं एक भरपूर कमावतो आणि दुसरी शून्य, अशा घराला सगळ्यात जास्त फायदा. त्यात घरी बसलेल्या बायकोचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स नवऱ्याच्या हप्त्यात फुकट. यांच्या ऑफिसातल्या एका भल्या माणसानं आम्हाला बसवून हे सगळं आकडे काढून दाखवलं आणि शेवटी म्हणाला की तुमच्या बायकोनं छोटी-मोठी नोकरी धरली तर कापून जाऊन हातात फार काही उरणार नाही, घाई करू नका. मला तेव्हा मोठी आई भेटायला पाहिजे होती. इतका प्रगत देश, पण हिशोबाला बसला की शेवटी एकच कोयता धरतो.

पैशाचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीतच असतं. घर चालतं, दोन्ही मुलांना महिन्याला सरकारकडून मिळून पाचशेच्या वर युरो येतात, दवाखान्याचं बिल बघावं लागत नाही. भाडं जीव काढतं. शिल्लक पडते पण गावात वाटते तेवढी नाही.

"पोरांसाठी जायलोत" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आणि स्वतः म्हणलं तितकं दुसरं कुठलंच नसेल. त्याच्यावर बोलायलाच पाहिजे कारण सगळा वाद तिथं येऊन गप्प होतो, पोरांचं नाव काढलं की बायकोनं काय बोलावं. मी म्हणते पोरांचं चांगलं झालंच. मुलगा चार महिन्यांत जर्मन बोलायला लागला, आता शाळेत एकटा चालत जातो, पाठीवर ट्यूशनचं ओझं नाही. पण त्याच मुलाचा एक प्रसंग आहे. आम्हाला जाऊन आठ-नऊ महिने झाले होते, त्याची दाढ दुखत होती म्हणून डेंटिस्टकडं नेलं. त्या बाईनं एक्स-रे स्क्रीनवर लावला. मला दोन हातांवरून दिसलं की खालची डावी दुधाची दाढ, ७५ नंबर, कीड आतल्या नसेपर्यंत गेलीय, काय करावं लागेल आणि त्याला किती वेळ लागेल सगळं मला माहीत होतं. ती बाई भराभर बोलत होती, मला निम्मं कळत होतं, मी तोंड उघडलं तर माझ्याजवळ बाजारात बटाटे घ्यायची भाषा होती. शेवटी ती माझ्या मुलाशी बोलायला लागली. आणि पाच वर्षांचा मुलगा खुर्चीत आडवा पडल्या-पडल्या मला समजावतोय, आई, ती म्हणतीय दाताला कीड लागली, तू घाबरू नको.

त्या रात्री मी यांच्याशी भांडले. तीन वर्षांतलं कामाचं भांडण तेवढं एकच. हे वाईट नाहीत, घरी साडेपाचला येतात, भांडी घासतात, वाळूजला असताना रात्री नऊला यायचे. पण यांना वाटत होतं मी हळूहळू करतेय, आणि मला वाटत होतं माझं संपत चाललंय. त्या भांडणातून एवढं झालं की यांनी मुलीसाठी पॅरेंटल लीव्ह घेतली, चार महिने, आणि ते घरी बसले. तिकडं बापालाही ती घेता येते, मूल आठ वर्षांचं होईपर्यंत त्यातला भाग राखून ठेवता येतो. पगार बंद, आम्ही साठवलेलं खाल्लं. गावाकडं कळल्यावर सासरे दोन आठवडे फोनवर नीट बोलले नाहीत, म्हणाले तिकडं जाऊन पोरगं सांभाळायलाय का? पण त्या चार महिन्यांत मी क्लासला बसले, आणि गेल्या वर्षी बी२ काढली. आता पुढच्या परीक्षांची तयारी चालू आहे. चेअर विकल्यापासून तीन वर्षं उलटून गेली, एकाही दाताला हात लावला नाही. हाताचं कसब असं असतं की बोटं विसरतात, याची भीती मला रात्री वाटते.

मग जाऊच नये का? असं मी अजिबात म्हणणार नाही. इथं बसून सुनेला काय मिळतं हेही मी बघितलंय. तिकडं रात्री दहाला सायकलवर एकटी घरी येते, कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. क्लिनिक असतानासुद्धा मला चैत्रातल्या हळदी-कुंकवाला पेशंट सोडून जावं लागायचं, आणि नाही गेले की डॉक्टरीणबाईला फार झालंय हे ऐकावं लागायचं. ते सगळं सुटलं. ज्या बायका म्हणतेत आम्हाला परत जायचंच नाही, त्यांचं मला पूर्ण पटतं.

मागं राहणाऱ्यांचा हिशोब पण कुणी मांडत नाही. आमच्या धाकट्या दिराला कुणी विचारलं नव्हतं की भाऊ चाललाय, आई-बाप तुझ्याकडं, चालेल का. सासऱ्यांची शुगर, सासूबाईंचे गुडघे, मोटार जळाली, बोअरचं पाणी गेलं, सगळं त्याच्यावर. आम्ही पैसे पाठवतो आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव होतं. मार्च २०२४ पासून पुढं ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालं त्यांना आई-वडील तिकडं नेता येतात, त्यांचा सगळा खर्च आणि इन्शुरन्स उचलायचा असेल तर. आम्ही त्याच्या आधी गेलो, आम्हाला तो नियम नाही, आमच्या आईवडिलांना सहा महिन्यांतले नव्वद दिवस. तसंही सासरे येणार नाहीत, त्यांना नव्वद दिवसांत नऊ दिवसच करमलं होतं. त्यांचं स्वप्न वेगळं होतं, पोरानं युरो पाठवावेत आणि गावाशेजारची चार एकर घ्यावी. त्यांना सांगताना फार जड गेलं की एनआरआय झाल्यावर यांना शेतजमीन विकतच घेता येत नाही, वारशानं आली तर ठेवता येते फक्त. आपल्या मराठवाड्यात माणूस कशासाठी कमावतो, तर सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून, आणि इथं कमवायला बाहेर पाऊल टाकलं की तेच बंद. हे ऑफर लेटर वाचताना कुणाच्या डोक्यात येतं?

हे सगळं मी एका घराची रड म्हणून लिहीत नाहीये. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्गबरोबर करार केला, म्हणजे आम्ही राहतो त्याच राज्याबरोबर. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलातली कामं अशी यादी आहे, आणि जाणाऱ्याला भाषा शिकवायची ठरलंय. चांगलं आहे, आपल्याकडच्या पोरांना पुण्याच्या पुढचं काहीतरी दिसेल. पण यादी ट्रेडची आहे. उद्या जालन्याचा इलेक्ट्रिशियन जाईल, वर्षा-दोन वर्षांनी बायको-लेकरं नेईल, आणि त्या बाईला जर्मनमधला एक शब्द येत नसेल तर ती त्या देशात कायमची मुलाच्या तोंडून बोलेल. ज्या वर्गात नवऱ्याला शिकवणार त्याच वर्गात बायकोला बसवायला सरकारला काय लागतं? एक खुर्ची. आणि लेकरू सांभाळायला एक बाई. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, कशी चालली ते सोडा, पण निदान आईबाप हलले की लेकरू हलतं हे सरकारदरबारी मान्य तरी झालं. या नव्या स्थलांतरात तेवढंही कुणी बोलत नाही, कारण आम्ही विमानानं जातो आणि विमानानं जाणाऱ्याला काय कमी, असं सगळ्यांना वाटतं. आम्हालाही तसंच वाटवून द्यायचं असतं, फोटो कुठले टाकायचे ते आपल्याच हातात असतं ना.

आणि जे खाजगी कंपनीतून जातेत त्यांनी तर ऑफर आल्या-आल्या मागावं, कारण तेव्हाच मागता येतं. सामान हलवायचा खर्च कंपनी देते, बायकोच्या भाषेच्या क्लासचा पण द्या म्हणावं, बऱ्याच कंपन्या देतात, आम्ही मागितलाच नाही. भाषा इथं असतानाच सुरू करावी, आजी-आजोबा लेकरं सांभाळायला आहेत तोवर. आणि जमत असेल तर नवऱ्यानं आधी जाऊन घर आणि किटाचा नंबर लावावा. सहा महिने लेकरांना बाप दिसणार नाही हे मला कळतं, मोठ्या घरांत ते निभतं, चौकोनी घरांत अवघड आहे, ज्यानं त्यानं बघावं.

परवा यांना परभणीहून एका मुलाचा फोन आला, ओळखीच्या ओळखीतून. त्याला ऑफर आलीय, दोन वर्षांचं बाळ आहे. भाडं किती, टॅक्स किती, भारतीय किराणा मिळतो का, यांनी सगळं सांगितलं. मग मी फोन घेतला आणि म्हणलं तुमच्या मिसेसला द्या. ती जरा लाजत बोलली. तिचं स्वतःचं पार्लर आहे, हाताखाली दोन मुली आहेत. मी सांगितलं की केस कापायचं दुकान चालवायला तिकडं मास्टरची परीक्षा पास झालेलं माणूस लागतं, फेशियल-मेकअपला ती अट नाही, पण गिऱ्हाइकाशी बोलायला भाषा लागेलच, सरकारी कोर्स साधारण सहाशे तासांचा असतो. ती गप्प झाली. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला आणि तिनं विचारलं, सहाशे तास म्हणजे रोज किती आणि त्या वेळात बाळ कुठं ठेवायचं? मी बोलायला लागले तर मागून नवऱ्याचा आवाज, अगं डिपॉझिट किती महिन्याचं असतं ते विचार.

ती त्याला म्हणाली, "थांबा हो जरा."